जॉयस बांडांना पद नशिबाने मिळाले का?

वाशीच्या बाजारातून आणलेली मलावी हापूसची पेटी काकांनी परवा कट्ट्यावर उघडली आणि कोकणातून तिकडे गेलेल्या कलमांवर बोलता बोलता विषय आफ्रिकेतील त्या मलावी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षा जॉयस बांडा यांच्यावर येऊन ठेपला. बँकेत उभी हयात घालवलेल्या काकांचे मत ठाम होते. "बाईंना पद नशिबाने मिळाले आणि कारभार सांभाळता न आल्यामुळे गेले," असे ते म्हणाले.

'नशीब' हा शब्द ताईंना मुळीच पटला नाही, आणि मलाही नाही. त्रास देणाऱ्या नवऱ्याचे घर १९८१ मध्ये तीन मुलांसह सोडून या बाईंनी स्वतःचा व्यवसाय उभा केला, पुढे छोट्या व्यावसायिक स्त्रियांची देशव्यापी संघटना बांधली आणि १९९९ मध्ये त्या झोम्बा जिल्ह्यातून संसदेत गेल्या. २००९ मध्ये त्या उपराष्ट्राध्यक्षा झाल्या. परंतु राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांना आपल्या भावाला वारस म्हणून पुढे आणायचे होते, त्याला विरोध केल्यामुळे २०१० च्या अखेरीस बांडांची पक्षातून हकालपट्टी झाली. उपराष्ट्राध्यक्षपद मात्र त्यांनी सोडले नाही.

५ एप्रिल २०१२ रोजी मुथारिकांचे निधन झाले. राज्यघटनेनुसार त्यांच्या जागी उपराष्ट्राध्यक्षा येणार होत्या, तेव्हा तर उपचारांसाठी नेत असल्याचे भासवून त्यांचा देह विमानाने दक्षिण आफ्रिकेला हलवण्यात आला. दुसऱ्या रात्री काही मंत्र्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले की, बांडांनी वेगळा पक्ष काढल्यामुळे त्यांना उत्तराधिकार उरलेला नाही. बांडांनी लष्करप्रमुखांना फोन केला, लष्कर राज्यघटनेच्या बाजूने उभे राहिले आणि ७ तारखेला त्यांचा शपथविधी झाला. तो सगळा वेळ डळमळली नाही म्हणून जी बाई त्या खुर्चीपर्यंत पोहोचली, तिला केवळ नशीबवान कसे म्हणायचे?

"ते मान्य, पण कॅशगेटचे, म्हणजे सरकारी तिजोरीच्या त्या लुटीचे काय?" असे काकांनी विचारले. सत्तेवर आल्यावर महिनाभरात क्वाचा या मलावीच्या चलनाचे एक-तृतीयांश अवमूल्यन करण्याचा निर्णय बँकवाला म्हणून त्यांना योग्यच वाटत होता, कारण परकीय चलनाअभावी पेट्रोलच्या रांगा लागल्या होत्या. त्याची किंमत महागाईच्या रूपाने गरिबांनी मोजली, हेही त्यांनी सांगितले. २०१३ च्या सप्टेंबरात मात्र अर्थखात्यातील अंदाजपत्रक संचालकावर राजधानीत त्याच्या घराबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या आणि लूट उघड झाली. न केलेल्या कामांची बिले सरकारी संगणकप्रणालीतून चुकती करून नंतर त्या नोंदी पुसल्या जात होत्या, एका कर्मचाऱ्याच्या मोटारीत तर नोटांच्या गड्ड्याच सापडल्या. अंदाजपत्रकाचा सुमारे चाळीस टक्के भार उचलणाऱ्या देशांनी मदत थांबवली.

ती प्रणाली बांडांच्या आधीपासून सच्छिद्र होती, त्यांनी मंत्रिमंडळ बरखास्त केले आणि चौकशीला वाट दिली, असे ताईंचे म्हणणे होते. मला ते अर्धेच पटले. ज्या बाईने राष्ट्राध्यक्षांचे विमान विकून काटकसरीचा आदर्श घालून दिला, तिने तिजोरीच्या कुलपाकडेही पहिल्याच वर्षी पाहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मे २०१४ च्या निवडणुकीत त्या तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. मोजणी चालू असतानाच त्यांनी निवडणूक रद्द झाल्याचे जाहीर केले आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला. येथे ताईही गप्प झाल्या. ज्या राज्यघटनेने दोन वर्षांपूर्वी बांडांना वाचवले, तिच्याच चौकटीबाहेर त्यांनी पाऊल टाकावे, याचे मला आजही वाईट वाटते.

"मग निवडणूक हरल्यावर चार वर्षे परदेशात का राहिल्या?" हा काकांचा शेवटचा प्रश्न होता. ताईंनी एवढेच सांगितले की, २०१७ मध्ये कॅशगेटप्रकरणी बांडांविरुद्ध अटक वॉरंट निघाल्याचे पोलिसांनी जाहीर केले होते आणि तरीही एप्रिल २०१८ मध्ये त्या स्वतःहून मलावीत परतल्या. त्या दिवशी त्यांना कोणी अटक केली नाही.