लोखंड दुरुस्त करा, रबर नवीन घ्या: जुनी पिकअप कमी पैशात उभी करताना

जुनी पिकअप घेतली की आपल्याकडं पहिला फोन जातो पेंटरला, दुसरा लाइट आणि म्युझिकवाल्याला. दीड महिन्यात गाडी चकाचक होते, दसऱ्याला हार पडतो, फोटो पडतात. आणि पुढच्या पावसाळ्यात माल भरून आंबा घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला जातं. हे थांबायला पाहिजे असं मनापासून वाटतं, म्हणून ही मोठी पोस्ट.

माझं मत सरळ आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला जुनी गाडी उभी करताना जी सोय आहे ती फार थोड्या गावांत मिळते. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम सगळं चालत जायच्या अंतरावर. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्री. बिडाचं (कास्ट आयर्नचं) काम हाताला माहीत असलेली माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळं जे लोखंडाचं आहे ते शक्य तेवढं दुरुस्त करून घ्या, आणि जे रबराचं आहे ते विचार न करता नवीन घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: मॅनिफोल्ड नवा आणतात, हेड नवं आणतात, आणि ब्रेकचे होज, म्हणजे ब्रेक ऑइलचे रबरी पाइप, पंधरा वर्षांपूर्वीचे तसेच ठेवतात.

आधी गाडी निवडण्याबद्दल. टाटा २०७ असो की बोलेरो पिकअप, मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा तिनं आयुष्यभर काय वाहिलं ते विचारा. रत्नागिरी-मालवणकडून मासळी आणणारी गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी हौद्यातून चॅसीवर वर्षानुवर्षं गळलेलं असतं. खताची गाडी असेल तर त्याहून वाईट. पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. ते फटीत बसतं, हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा आतून खातं. विटा-वाळूच्या गाडीत गंज कमी असेल, पण चॅसी आणि कमानपाटे थकलेले असतील.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपल्याकडं पंचगंगेचा पूर आला. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या अजून हातोहात फिरतात. ओळखायचं कसं? सीटच्या रेल्सखाली, हेडलाइटच्या आत आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरिंगवर बोट फिरवा. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, कितीही धुतला तरी कोपऱ्यात राहतो. डिफरन्शियलचा प्लग थोडा सैल करून दोन थेंब ऑइल बघा. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. वायरिंगच्या कपलरमध्ये हिरवट थर दिसला तर पूर्ण हार्नेसचा, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरिंगच्या जुडग्याचा, खर्च धरा.

मग गाडीखाली झोपा. सोबत टॉर्च, लहान हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर. मागच्या कमानपाट्याचा पुढचा हँगर जिथं चॅसीला जोडलाय तिथं, आणि केबिनच्या मागं जिथं हौदा सुरू होतो तिथं हातोडीनं टोला द्या. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं धप्प वाजतं आणि पापुद्रा खाली पडतो. चॅसीची चीर बहुधा याच दोन ठिकाणी सुरू होते. वरून काळा रंग मारलेला असेल तर वायर ब्रशनं तेवढा भाग उघडा करून बघा. मालक नको म्हणत असेल तर गाडीच नको म्हणा. आरसी बुकवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्याशी जुळवा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा, टॅक्स आणि चलन बघा. चॅसी नंबरच्या जागेवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चाललेलं दिसलं तर मागं फिरा, स्वस्तात मिळाली तरी.

चॅसीला चीर आहे म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, पण वेल्डिंग नीट पाहिजे. चीर जिथं संपते तिथं ६ मिमीचं भोक मारायचं, नाहीतर ती वेल्डिंगच्या पुढं सरकत राहते. मग ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच करून ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडनं भरायची. हा रॉड ओल धरतो, पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड वापरला तर वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात आणि तिथूनच पुन्हा तडा जातो. रॉड तापवून कोरडा करून घ्यायला सांगा. वरून जोडपट्टी लावायची तर ती चॅनेलच्या उभ्या बाजूला, टोकं तिरपी कापून. वरच्या-खालच्या फ्लँजवर (चॅनेलच्या आडव्या पट्टीवर) आडवी वेल्डिंग मारली की चॅसी तिथंच तुटणार, कारण सगळा ताण त्या फ्लँजवरच येतो. वेल्डिंगआधी बॅटरीचे दोन्ही केबल काढा. डिझेल टाकी जवळ असेल तर ती पण उतरवा, यात आळस नको.

बिडाचे भाग ही तर आपली खासियत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलाय, अल्टरनेटरचा ब्रॅकेट तुटलाय, वॉटर पंपाची हाउसिंग कान तुटून पडलीय. यातलं बरंच जुळतं. जाणकार मिस्त्री तो भाग आधी हळूहळू तापवतो, निकेल रॉडनं एका वेळी इंचभरच टाका मारतो, लगेच हातोडीनं हलके ठोके देतो, थांबतो, मग पुढचा टाका. शेवटी तो भाग राखेत किंवा कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर ठेवतो. सकाळी काढला तरी कोमट लागतो. जो मिस्त्री वेल्डिंग झाल्या झाल्या पाणी मारून हातात देतो त्याच्याकडून बीड जोडून घेऊ नका, तासाभरात शेजारी नवीन तडा जाईल. हे सगळं फक्त ब्रॅकेट-हाउसिंगसाठी. स्टीअरिंग आर्म, नकल, ड्रॅग लिंक आणि ब्रेकचा कुठलाही भाग वेल्ड करायचा नाही. तिथं नवीन किंवा चांगला तपासलेला जुना भाग, तिसरा पर्याय नाही.

इंजिन म्हटलं की लगेच 'फुल काम करून टाकू' असं ऐकायला मिळतं. आधी तपासा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन टाका, टॅपेट सेट करा, नोझल टेस्ट करून घ्या. काळा धूर बऱ्याचदा एवढ्यातच जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. मग कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजनं मोजा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत असतील आणि ऑइलच्या झाकणातून भसाभस धूर येत नसेल, तर बोअर उघडू नका. तो पैसा ब्रेकला लावा. उघडायचंच ठरलं तर क्रँक मोजूनच ग्राइंडिंगला द्या: ०.२५ मिमीला साफ होत असेल तर ०.५० ला नेऊ देऊ नका, पुढच्या कामाला मटेरियल शिल्लक पाहिजे. बेअरिंग क्रँक ग्राइंड होऊन आल्यावर, प्रत्यक्ष माप घेऊनच आणा. आणि गळीत हंगाम तोंडावर असताना इंजिन उघडू नका. ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं आली की तुमची गाडी कोपऱ्यात जाते.

आता रबर. इथं एक रुपयाही वाचवायचा नाही. ब्रेकचे होज साधारण तीन असतात, पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या एक्सलवर एक. तिन्ही नवीन. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतली नळी फुगून बंद होते. पेडल दाबल्यावर ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही, मग चाक तापतं आणि लोक बेअरिंग बदलत बसतात. व्हील सिलिंडर लोखंडाचा असला तरी तो माझ्या नियमाला अपवाद. आत खड्डे पडलेल्या सिलिंडरला होनिंग करून नवीन रबर टाकलं तर ते काही महिन्यांत घासून जातं आणि लायनर ऑइलनं भिजतो. नवीनच घ्या. ड्रम मात्र लेथवर फेस करून चालतो, त्यावर लिहिलेल्या कमाल मापाच्या आत असेल तरच. लायनर रिव्हेट करून घ्या, पण एका एक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी.

ब्रेक ऑइल १ लिटरचा सीलबंद डबा आणा, जुनं सगळं काढून टाका. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. अर्धा डबा उरला तर पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. चुकूनही त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंग ऑइल पडलं तर आतली सगळी रबरं फुगतात, सगळं परत बदलावं लागतं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या एक्सलला लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची लिंक हलते का बघा. ती गंजून अडकली की रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतात, किंवा भरल्यावर मागं ब्रेकच लागत नाही.

बाकी रबर: केबिन माउंटिंग, इंजिन माउंटिंग, शॅकल बुश, रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट, डिझेल लाइनचे तुकडे. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी टायर जुना असेल आणि बाजूला बारीक चिरा असतील तर घाटाच्या गाडीला तो नको. आणि सर्व्हिसिंगनंतर खालून जळकं ऑइल फवारायची आपल्याकडची पद्धत बंद करा. गंज थांबेल तेवढा थांबेल, बुश मात्र सगळे सडतात.

कमानपाटे बदलण्याऐवजी उतरवून, एकेक पाटा सुटा करून बघा. दोन पाट्यांच्या मधे गंजाचा फुगलेला थर असतो, तो काढून ग्रॅफाइट ग्रीस लावा. तुटलेला एखादाच पाटा बदलता येतो. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवीनच घ्या, ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा आवळत नाही. जादा पाटा टाकून जादा माल भरायचा विचार सोडा. पाटा सहन करेल, पण चॅसी, ब्रेक आणि एक्सल तेवढेच राहतात, आणि पासिंगचं वजनही वाढत नाही.

वायरिंगमध्ये अर्धे आजार अर्थिंगचे. बॅटरी ते चॅसी, इंजिन ते चॅसी आणि केबिन ते चॅसी, असे तीन अर्थ हवेत, कारण इंजिन आणि केबिन दोन्ही रबरावर बसलेली असतात. इंजिनचा अर्थ तुटला तर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते, जळते, आणि दोष केबलला जातो. पहिल्या दोन ठिकाणी २५ चौ. मिमीची केबल, रंग खरवडून उघड्या लोखंडावर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले म्हणजे चार्जिंग ठीक. उजेड कमी वाटला तर आधी हेडलाइटला रिले आणि २.५ चौ. मिमीची वायर टाका. ६० वॉटचे दोन अप्पर (हाय बीम) म्हणजे १० अँपिअर. एवढा करंट जुन्या बारीक वायरीतून आणि घासलेल्या स्विचमधून आणला की बल्बपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकू नका, समोरच्याला काही दिसत नाही.

हौदा बनवताना लोकांना जाड पत्र्याचा मोह होतो. हिशोब करा. अडीच मीटर बाय १.७ मीटरच्या तळाला ३ मिमीचा पत्रा जवळपास १०० किलो, ४ मिमीचा १३३ किलो. ती ३३ किलो रोज फुकट वाहायची, आणि तेवढा माल कमी. ३ मिमी भरपूर झाला, खालच्या आडव्या पट्ट्या जवळ घ्या. हौदा चॅसीला वेल्ड करायचा नाही, मधे रबर किंवा लाकडाची पट्टी आणि यू-बोल्ट. घाटात चॅसी पिळते, ती पिळायला मोकळी पाहिजे. पुढच्या कोपऱ्यात आणि फाळक्याजवळ पाणी निघायला भोकं ठेवा.

केबिनमध्ये मॅटखाली फेल्ट टाकू नका. वर रेक्झिन कोरडं दिसतं, खाली फेल्ट स्पंजासारखा सप्टेंबरपर्यंत ओला राहतो आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली भोक पडतं. तळ साफ करून, रंगवून, वर उचलता येणारी रबरी मॅट पुरे.

रंग शेवटी, आणि जमल्यास नोव्हेंबर ते मार्चमध्ये. ८० च्या पेपरनं गंज उघडा, कुजलेला पत्रा कापून नवीन जोडा, इपॉक्सी प्रायमर, लांबी (पुट्टी) पातळ थरात, सरफेसर, ४०० च्या पाणपेपरनं घासून मग रंग. उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरली आणि मागून ओल आली की ती ढेकळासारखी सुटते. बजेट फारच कमी असेल तर हौद्याला हार्डनर घातलेला ट्रॅक्टरचा इनॅमल चालतो, केबिनला पीयू (पॉलियुरेथेन) रंग. हार्डनरचे रंग फवारताना कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतोच, रुमाल बांधून भागत नाही.

रंग बदलला तर आरटीओत आरसीवर नोंद लागते, इंजिन बदललं तरी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, म्हणून चॅसी लांबवणं, सीट वाढवणं असलं काही मनात आणू नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी. रिफ्लेक्टर टेप पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. ती रंगाचं काम संपल्यावरच लावा, नाहीतर पेंटर तिच्यावरूनच फवारतो.

सगळं झाल्यावर एकूण बजेटचा पाचवा हिस्सा हातात शिल्लक असेल असं आधीच ठरवा. जुन्या गाडीत एक नट सोडताना दोन तुटतात. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, ५०० नंतर यू-बोल्ट आणि हौद्याचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि त्याच वेळी गाडीखाली पुठ्ठा अंथरून एक रात्र ठेवा. सकाळी डाग कुठं पडलाय आणि कुठल्या रंगाचा आहे ते बघून मगच पहिला पूर्ण लोड भरा.