ॲसिडिटीच्या गोळीने रक्तदाब उतरतो का?

फिरणारा दावा असा: जठरातलं गॅस्ट्रिन हे हार्मोन मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावतं, ॲसिडिटीच्या गोळीने गॅस्ट्रिन वाढतं, म्हणून रोज एक गोळी घ्या आणि मिठाची काळजी सोडा. सोबत गॅस्ट्रिनची तपासणी करून घ्यायचा सल्लाही असतो.

सुरुवात खोटी नाही, म्हणूनच पुढचं खपून जातं. जेवल्यावर जठराच्या शेवटच्या भागातल्या जी-पेशी गॅस्ट्रिन सोडतात. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं जवळपास दोन तृतीयांश सोडियम नलिकेच्या पहिल्याच भागात परत शोषलं जातं. तिथल्या पेशींवर गॅस्ट्रिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या जागा, आहेत; गॅस्ट्रिन तिथे बसलं की डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या साथीने हे शोषण मंदावतं. गॅस्ट्रिनचं जनुक काढलेल्या उंदरांचा रक्तदाब चढतो.

पण उंदरात हार्मोन मुळीच नसणं वेगळं, माणसात ते आणखी वाढवणं वेगळं. तोंडावाटे दिलेलं मीठ शिरेतून दिलेल्यापेक्षा लवकर लघवीवाटे जातं, हा या कल्पनेचा जुना आधार. निरोगी माणसांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात तसा फरक आढळला नाही.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी गॅस्ट्रिन वाढतं, हे खरं. आम्ल घटलं की जी-पेशींवरचा लगाम सुटतो. म्हणून दाब उतरतो? झोलिंजर-एलिसन आजारात गॅस्ट्रिन बनवणाऱ्या गाठीमुळे ते कैक पटींनी वाढतं, पण त्याची ओळख अल्सर आणि जुलाब. रक्तदाब घसरणं नव्हे. शिवाय गॅस्ट्रिनचा निचरा बराचसा मूत्रपिंडातूनच होतो. मूत्रपिंड अधू झालं की ते रक्तात साचतं, आणि अशा रुग्णांत बहुतेकांचा दाब चढाच असतो. दाव्याचं गणित इथेच कोसळतं.

उलट या गोळ्यांनी कधीकधी मूत्रपिंडाला सूज येते, तर दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं. ॲसिडिटीवरची खाण्याच्या सोड्याची फसफसणारी पावडर हा त्याहून सरळ घोटाळा: १ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ.

गॅस्ट्रिनची तपासणी रक्तदाबासाठी नसतेच. ती मुख्यतः गॅस्ट्रिन बनवणाऱ्या गाठीच्या संशयावरून होते. नमुना उपाशीपोटी घेतात. गोळी चालू असेल तर आकडा फुगलेला येतो, आणि ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतात, कारण गाठ असेल तर गोळी अचानक बंद केल्याने अल्सर फुटू शकतो.