मुलाच्या गालावरची कडक गाठ आणि दूध तोडण्याचा सल्ला

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: लहान मुलाच्या गालावर किंवा मानेवर खड्यासारखी कडक गाठ आली, तर अंगात कॅल्शियम जास्त झालंय, दूध बंद करा, शेकून गाठ फोडा, पण कापू देऊ नका, सुरी लागली की कॅन्सर होतो.

अशी गाठ खरंच असते. तिला पायलोमॅट्रिकोमा म्हणतात. केसाच्या मुळाशी केस घडवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांची ही साधी गाठ. बहुतेकदा विशीच्या आत, डोकं, चेहरा, मान किंवा दंडावर येते. हळूहळू वाढते, सहसा दुखत नाही, वरची कातडी कधी निळसर दिसते.

आधी दुधाचं. गाठीत बहुधा कॅल्शियम असतं हे खरं, म्हणून तर ती हाताला दगडासारखी लागते. पण ते दुधातून जास्तीचं आलेलं नाही. गाठीतल्या पेशी केस व्हायला निघतात आणि वाटेतच मरतात. आतलं केंद्रक नाहीसं होतं, नुसता आकार उरतो. कॅल्शियम साचतं ते या मेलेल्या पेशींमध्ये, तेही रक्तातलं प्रमाण नॉर्मल असताना. मुळात बिघाड असतो तो बहुतेकदा गाठीच्याच पेशींमधल्या सीटीएनएनबी१ या जनुकात. दूध तोडून तो सुधारत नाही. वाढत्या वयातल्या मुलाचं हक्काचं अन्न मात्र तुटतं, आणि या मेसेजचा मला सगळ्यात जास्त संताप येतो तो यासाठी.

शेकून फोडायला ते गळू नाही. आत पू नसतो. जखम चिघळेल, चेहऱ्यावर व्रण राहील, गाठ तिथेच असेल.

आता कॅन्सर. फ्रेंच डॉक्टर मालेर्ब आणि शेनांते यांनी १८८० मध्ये या गाठीचं वर्णन केलं, तेव्हा ती तेलग्रंथींची समजली गेली. केसाच्या मुळाशी असलेलं तिचं नातं सांगणारं पायलोमॅट्रिक्सोमा हे नाव फोर्बिस आणि हेल्विग या संशोधकांनी १९६१ मध्ये सुचवलं. तिचा कॅन्सरचा प्रकार आहे, पण फार विरळा, आणि तो मुख्यतः मोठ्या वयात आढळतो. सुरी लागल्याने तो होत नाही. उलट शस्त्रक्रिया हाच उपाय, कारण ही गाठ सहसा आपोआप जिरत नाही आणि पूर्ण काढली तर क्वचितच परत येते. सुईने घेतलेल्या नमुन्यात मात्र ती कधी कधी कॅन्सरसारखी दिसू शकते, त्यामुळे तेवढ्या रिपोर्टवर घाबरून जाऊ नका. काढलेली अख्खी गाठ पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा. एकापेक्षा जास्त गाठी असतील, तर घरात कुणाला स्नायूंचा आनुवंशिक आजार किंवा आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेले कोंब) आहेत का, हेही डॉक्टरांना सांगा.