बाय कोण?

संध्याकाळी पावणेसातला, संगणक बंद करायच्या बेतात असताना, पार्टीचा मेल येतो. 'व्हेअर इज अवर शिपमेंट?' शब्द फक्त चार. मराठीत उत्तर जिभेवर तयार असतं: 'अहो साहेब, माल कालच चढवलाय, गाडी रात्री निघाली, उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडे खाली होईल.' हेच इंग्रजीत लिहायला घेतलं की पहिल्याच शब्दाला गाडी पंक्चर. माल चढवला, पण कोणी? इंग्रजी वाक्याला दारातच कर्ता दाखवावा लागतो, गेटपाससारखा. मराठीत नुसतं 'चढवलाय' म्हणून आत शिरता येतं, तिथे सिक्युरिटी अडवते.

शाळेत हे सगळं शिकवलेलं असतं म्हणा. रामाने आंबा खाल्ला, मग तोच आंबा रामाकडून खाल्ला गेला. राम समोर बसलेला, आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळतोय, आणि तरी आंब्याला पुढे करून रामाला 'बाय' लावून मागच्या बाकावर का पाठवायचं, हे कोणी सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पॅसिव्ह व्हॉइस आंब्यावर शिकवूच नये, तो खोक्यावर शिकवावा. गोदामात राम नसतो. खोकं भरलं दुसऱ्या पाळीतल्या कोणीतरी, पट्टी मारली तिसऱ्याने, गाडीत चढवलं माथाडींच्या टोळीने, सील लावलं गेटवरच्याने, आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडली ट्रान्सपोर्टवाल्याने. या सगळ्या प्रवासात पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असलेलं पात्र एकच, ते म्हणजे खोकं. वाक्याच्या तोंडी बसायचा मान त्याचाच.

कृती सोपी आहे. ज्याच्यावर काम झालं त्याला पुढे आणायचं, मग काळाप्रमाणे 'बी'चं योग्य रूप घ्यायचं, आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. रूपं पाठ करताना जीव जातो अशी तक्रार असते, पण ज्याने आयुष्यात एक तरी सरकारी पत्र वाचलंय त्याला ती आधीच पाठ असतात. करण्यात येते, करण्यात येत आहे, करण्यात आले, करण्यात आले आहे, करण्यात येईल. आता शेजारी खोकं ठेवा. 'कार्टन्स आर पॅक्ड' म्हणजे पॅक करण्यात येतात, रोजचा रिवाज. 'आर बीइंग लोडेड' म्हणजे चढवण्यात येत आहेत, आत्ता, गाडी फलाटाला लागलेली आहे. 'वेअर लोडेड' म्हणजे चढवण्यात आली. 'हॅव बीन डिस्पॅच्ड' म्हणजे रवाना करण्यात आली आहेत. 'विल बी डिलिव्हर्ड' म्हणजे पोच करण्यात येतील. एकूण काय, 'आपणांस कळविण्यात येते की' हे वाक्य लिहिणाऱ्या कारकुनाने आपल्याला फुकटात इंग्रजी शिकवून ठेवलं आहे, फक्त ते त्यालाही ठाऊक नाही.

यात एक खड्डा आहे. तारीख किंवा वेळ सांगितली की 'हॅज बीन' चालत नाही. 'द शिपमेंट हॅज बीन डिस्पॅच्ड यस्टरडे' हे वाक्य रोज शेकड्यांनी लिहिलं जात असावं आणि ते दर वेळी चुकतं. काल म्हटलं की 'वॉज डिस्पॅच्ड यस्टरडे'. नुसतं 'गेलाय बरं का माल' एवढंच सांगायचं असेल तर 'हॅज बीन डिस्पॅच्ड', आणि कधी गेला ते विचारू नका, हा त्यातला गर्भितार्थ.

तिसऱ्या रूपांत दगाबाज थोडेच असतात, पण नेमके रोजच्या वापरातले. सेंडचं सेंट, 'सेंडेड' नव्हे. होल्डचं हेल्ड; कंटेनर कस्टम्समध्ये 'होल्डेड' झाला असं लिहिलं की तो अडकलेला असतोच, वर आपणही अडकतो. पुटचं पुटच. कंटेनर भरण्याला या धंद्यात 'स्टफिंग' म्हणतात, त्यामुळे 'द कंटेनर वॉज स्टफ्ड' वाचून नव्या मुलाला पराठा आठवला तर त्याचा दोष नाही. आणि 'लेडन' हा म्हातारा शब्द बंदरात अजून नोकरीवर आहे. भरलेला डबा तो लेडन, रिकामा तो एम्प्टी. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनी मालाची देते ती पावती, तिच्यातलं लेडिंग त्याच घरातलं.

आता खरा अपघातप्रवण भाग. आपण मराठीत म्हणतो, 'ड्रायव्हरने माल उतरवला होता.' डोक्यात 'होता' आला की बोटं आपोआप 'वॉज' टंकतात. तयार होतं ते असं: 'द ड्रायव्हर वॉज अनलोडेड.' म्हणजे चार हमालांनी ड्रायव्हरला उचलून फलाटावर ठेवला, बहुधा दोन खोक्यांच्या मधे. आपल्या 'उतरवला होता'मधल्या 'होता'ला इंग्रजीत 'हॅड' लागतो, 'वॉज' नाही. 'द ड्रायव्हर हॅड अनलोडेड द बॉक्सेस.' 'वॉज' लावायचाच असेल तर खोक्यांना लावा, पण ती अनेक असतात म्हणून 'वेअर'.

हीच चूक मेलच्या बाबतीत महागात पडते. 'मी तुम्हाला काल मेल पाठवला होता' याचं 'आय वॉज सेंट अ मेल यस्टरडे' केलं, तर अर्थ बरोबर उलटा होतो: मला काल मेल आला होता. समोरचा साहजिकच विचारतो, मग उत्तर का दिलं नाहीत? पाठवणारा क्षणात घेणारा झाला आणि थकबाकीही त्याच्याच अंगावर आली. 'आय सेंट यू अ मेल' एवढं साधं लिहिलं असतं तर निभावलं असतं, पण साधं लिहिणं ऑफिसात कमीपणाचं वाटतं.

दुसरा अपघात उलट्या बाजूने होतो. जी क्रिया स्वतःच स्वतःपुरती घडते, तिला पॅसिव्ह करताच येत नाही, कारण पुढे आणायला कर्मच नसतं. माल पोचला, जहाज निघालं, मुदत संपली. तरीही 'गुड्स हॅव बीन अराइव्ह्ड' आणि 'वेसल हॅज बीन सेल्ड' बिनदिक्कत जातात. 'पोचलेला आहे'मधल्या 'आहे'ची जागा भरून काढायला आपण एक 'बीन' फुकट घालतो. तो काढून टाका: 'हॅव अराइव्ह्ड', 'हॅज सेल्ड'. सगळ्यात लोकप्रिय मात्र 'ई-वे बिल हॅज बीन एक्स्पायर्ड'. ई-वे बिल म्हणजे गाडीतल्या मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना. त्याला कोणी मारत नाही, ते आपल्या मरणाने मरतं. साध्या गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस असा त्याचा हिशेब आहे. गाडी घाटात बंद पडली, ड्रायव्हर जेवून झोपला, की मध्यरात्री बिलाचा दिवस संपतो. मुदत वाढवायची सोय संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच. त्या धावपळीत लिहायचं ते असं: 'द ई-वे बिल हॅज एक्स्पायर्ड', पण 'इट वॉज एक्स्टेंडेड ॲट सिक्स ए.एम.' मरण आपोआप, मुदतवाढ मात्र कोणीतरी दिलेली. बिल तयार होणं, वाढवणं, चोवीस तासांच्या आत रद्द करणं या तिन्हींना माणूस लागतो, म्हणून तिन्ही पॅसिव्हमध्ये सुखाने बसतात.

'बाय' या चिमुकल्या शब्दाची गोष्ट तर वेगळीच. 'द गुड्स विल बी डिलिव्हर्ड बाय अवर ट्रान्सपोर्टर बाय रोड बाय फ्रायडे.' तीन बाय, तिघांचे तीन धंदे. पहिला 'कडून', दुसरा 'ने', तिसरा 'पर्यंत'. ट्रान्सपोर्टरकडून, रस्त्याने, शुक्रवारपर्यंत. नवशिक्याला वाटतं की 'शिप्ड बाय सी' म्हणजे समुद्राने स्वतः पाठवलं. आणि ज्या हत्याराने काम केलं त्याला 'बाय' नाही, 'विथ' लागतं: 'सील्ड विथ अ बोल्ट सील'. बोल्ट सील स्वतः उठून दाराला बसत नाही, निदान अजून तरी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी काथ्याकूट कशाला, समोरच्याला कळल्याशी कारण. मेलमध्ये कळतंही. कागदावर मात्र एका तिसऱ्या रूपाला किती किंमत असते ते न्हावा शेवा बंदरातल्या कुठल्याही सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटला, विचारा. बिल ऑफ लेडिंगवर 'रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट' छापलेलं असलं तर त्याचा अर्थ एवढाच की माल जहाज कंपनीच्या ताब्यात आला आहे, पाठवण्यासाठी. तो यार्डात ऊन खात पडलेला असू शकतो. 'शिप्ड ऑन बोर्ड' आणि सोबत तारीख आली की माल जहाजावर चढला. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात, म्हणजे कागद बरोबर असले की बँक पैसे देते अशा सौद्यात, सागरी बिल ऑफ लेडिंग मागितलेलं असेल तर, बँक 'शिप्ड ऑन बोर्ड' बघते. नुसत्या 'रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट'वर ती कागद परत करते. एफओबीचा सौदा असेल, म्हणजे विकणाऱ्याने माल जहाजावर चढवून द्यायचा, तर जोखीमही तिथेच हात बदलते. पूर्वी जहाजाचा कठडा ओलांडला की बदलायची, इन्कोटर्म्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या अटींच्या नियमावलीच्या, २०१०च्या आवृत्तीपासून माल जहाजावर ठेवला गेला की बदलते. 'बाय' कुठेच नाही. क्रेन कोणी चालवली याच्याशी बँकेला देणंघेणं नाही, 'शिप्ड'शी आहे.

त्याच कागदावर 'सेड टू कंटेन' असं एक रत्न असतं. डब्यात ६०० पेट्या 'असल्याचं सांगितलं गेलं आहे'. कोणी सांगितलं? माल पाठवणाऱ्याने. जहाज कंपनीने मोजल्या का? छे, डबा बंदच आला. आपल्याकडे गावात 'म्हणे' या एका शब्दात जेवढा हात झटकता येतो, तेवढा जगभरच्या जहाज कंपन्या या तीन शब्दांत झटकतात. वजनाच्या बाबतीत मात्र ही सोय गेली. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं वजन 'व्हेरिफाइड' असल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. एक तर भरलेला डबा काट्यावर घ्या, नाही तर आतला सगळा माल, लाकडं, पट्ट्या यांचं वजन करून त्यात दारावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन मिळवा. आणि तळाशी व्हेरिफाय करणाऱ्याचं नाव. म्हणजे इथे 'बाय' परत आला.

या धंद्यात 'बाय' कधी गाळायचा आणि कधी लिहायचा, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. दिलगिरी असेल तर गाळतात. 'द डिले इज रिग्रेटेड', म्हणजे खेद वाटला आहे, कोणाला ते गुलदस्त्यात. आपण दिवसभर घरी, पंखा चालू, दार उघडं, आणि फोनवर येतं 'डिलिव्हरी अटेम्प्टेड'. प्रयत्न करण्यात आला होता. कोणाकडून, कुठल्या दारावर, ते विचारायची सोयच वाक्यात ठेवलेली नाही.

पैशाचा प्रश्न आला की तोच 'बाय' धावत येतो. गाडी दोन दिवस उभी राहिली आणि डिटेन्शनचं बिल आलं, की 'द व्हेइकल वॉज डिटेन्ड' एवढ्यावर कोणी पैसे सोडत नाही. म्हणून ज्या मेलचं पुढे क्लेममध्ये रूपांतर होऊ शकतं, त्यात पॅसिव्ह पूर्ण लिहावा: 'द सील वॉज फाउंड ब्रोकन बाय अवर सिक्युरिटी ॲट द गेट ॲट सिक्स टेन ए.एम.' सोबत सीलचा नंबर आणि दार उघडण्याआधीचा फोटो. 'सील ब्रेक झालं' हे मराठीत पुरतं, विम्याला पुरत नाही. पोचपावतीवरही माल न मोजता 'रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन'खाली सही ठोकू नये. तीन पेट्या भिजलेल्या असतील तर तिथेच, ड्रायव्हर उभा असताना, 'थ्री कार्टन्स रिसीव्ह्ड वेट' असं हाताने लिहावं आणि त्याचीही सही घ्यावी. गाडी गेटबाहेर गेल्यावर सुचलेलं इंग्रजी कितीही शुद्ध असलं तरी उपयोगाचं नाही.

हे सगळं शिकून, पावणेसातच्या त्या मेलला नीट उत्तर जातं: 'द गुड्स वेअर लोडेड यस्टरडे अँड विल बी डिलिव्हर्ड बाय टुमॉरो आफ्टरनून.' दुसऱ्या दिवशी माल खरंच पोचतो. बिल्टीची प्रत परत येते. 'पॅक्ड बाय' रिकामं, 'चेक्ड बाय' रिकामं, आणि 'रिसीव्ह्ड बाय'समोर वॉचमनची सही, निम्मी चौकटीत आणि निम्मी चहाच्या डागात.