एका फोटोवरून तीन चुका

धबधब्याच्या काठावर उभं तपकिरी अस्वल, आ वासलेला जबडा आणि त्यात थेट उडी मारणारा सॅमन मासा. या फोटोखाली एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘हा मांसाहारी प्राणी फक्त बर्फाळ जंगलात राहतो आणि जगात आता मोजकेच उरलेत.’ फोटोबद्दल तक्रार नाही. अलास्कातल्या ब्रुक्स धबधब्यावर जुलैत असं दृश्य दिसतं. घोळ मजकुरात आहे.

आधी ‘मांसाहारी’. अस्वलाच्या दाढा बघा: रुंद, चपट्या, चावून भरडायला केलेल्या. खांद्यावरचा उंचवटा म्हणजे जमीन उकरणारे स्नायू. गवत, कंदमुळं, बेरी, मुंग्या, मेलेलं जनावर, हरणाचं पाडस, जे मिळेल ते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातली ग्रिझली (तीही तपकिरी अस्वलंच) उन्हाळ्यात उंच, खडकाळ उतारांवर चढतात आणि दगड उलटत बसतात. कशासाठी? पतंगांसाठी! मैदानातून वर आलेले हे कीटक रात्री फुलांतला मध पितात आणि दिवसा दगडांखाली दडतात. अंगात चरबी ठासून भरलेली. एक अस्वल दिवसाला 40,000 पर्यंत पतंग फस्त करू शकतं. शिवाय खारींनी साठवलेल्या पाइनच्या बिया लुटणं आहेच. पण दगड उलटणाऱ्या अस्वलाचा फोटो कोण शेअर करणार?

‘फक्त बर्फाळ जंगल’ हे तर नकाशा उघडला तरी टिकत नाही. झाड नसलेला टुंड्रा, हिमालयात वृक्षरेषेच्या वरची कुरणं, इतकंच काय, मंगोलियातलं गोबी वाळवंट. तिथली अस्वलं रानटी रुबार्ब या वनस्पतीची मुळं उकरून जगतात.

राहिला आकडा. जगात तपकिरी अस्वलं साधारण 2 लाख आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त रशियात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ही प्रजाती सर्वात कमी चिंतेच्या गटात मोडते.

मात्र ‘मोजकेच’ हा शब्द काही ठिकाणी शब्दशः खरा आहे, आणि तिथे तो कुणी वापरत नाही. गोबीत काही डझनच अस्वलं उरलीत. इटलीच्या अपेनाइन डोंगरांत जेमतेम पन्नासेक. रशियातल्या लाखभर भाईबंदांचा यांना काडीचा उपयोग नाही, कारण तिथून इथवर एकही पोचणार नाही. कॅलिफोर्नियात 1920च्या दशकात शेवटची ग्रिझली संपली. त्या राज्याच्या झेंड्यावर मात्र ती अजून चालते आहे.