दोघांना शेजारी शेजारी चालवता येईल अशी वाट

सायकलीच्या वाटेची माझी कसोटी एकच आहे. दोन माणसं शेजारी शेजारी सायकल चालवत, आवाज न चढवता, तासभर गप्पा मारू शकतात का? शकत असतील तर वाट चांगली. मग ती डांबरी असो, मुरमाची असो, नदीच्या बांधावरची असो नाहीतर शेतांमधून जाणारी पाणंद असो. शकत नसतील तर तिला कितीही हिरवा रंग फासा, कडेला पट्टे ओढा, सायकलीचं चित्र काढा. कामाला जाणारा तिथून जाईल, कारण त्याला इलाज नसतो. फिरायला म्हणून कुणी पोराबाळांना घेऊन तिथे जाणार नाही.

हे मी जरा ठासून लिहितोय, कारण सायकलीचा विषय निघाला की बोलणं लगेच वेग, अंतर आणि घाटांवर जातं. रमतगमत चालवणाऱ्याला कुणी सायकलस्वार म्हणून मोजतच नाही. मला वाटतं सायकलीचं सगळ्यात मोठं सुख त्याच्याच वाट्याला येतं, आणि त्यासाठी मोटारी नसलेली वाट लागते.

रहदारीच्या रस्त्यावर कान सतत मागे लागलेले असतात. येतोय तो ट्रक की मोटार, किती जवळ आला, त्याने आपल्याला पाहिलंय का. हँडलवरची पकड घट्ट होते, खांदे वर ओढले जातात, आणि याची इतकी सवय होते की आपल्याला ते जाणवतही नाही. नदीकाठच्या वाटेला लागून थोडा वेळ झाला की खांदे आपोआप खाली येतात, तेव्हा कळतं केवढं ओझं होतं ते. माझी बायको रहदारीत सायकल काढत नाही, आणि तिचं अगदी बरोबर आहे. पण काठाच्या वाटेवर ती अर्धा अर्धा दिवस चालवते, माझ्यापेक्षा सहज. घरात समोरासमोर बसून जी बोलणी अडून राहिली होती, ती आमची अशा वाटांवर झाली आहेत. दोघांची नजर समोर, पाय चालू, मध्ये कुणी गप्प झालं तरी ते गप्प बसणं खटकत नाही. एखादं वाक्य अर्ध्या मैलाने पूर्ण केलं तरी चालतं.

नदीच का, तर उतारामुळे. पाण्याने आपली वाट हजारो वर्षं घासून सपाट केलेली असते, आपण फक्त तिच्या बाजूने जायचं. डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतची वाट सुमारे ३२० किलोमीटर आहे, आणि एवढ्या अंतरात नदी साधारण दीडशे मीटरच खाली उतरते. म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटर! डोळ्यांना तो उतार दिसतही नाही. म्हणूनच युरोपात पहिल्यांदा लांबच्या सायकल सहलीला निघणारी कितीतरी कुटुंबं हीच वाट धरतात. तिथे नदी श्ल्योगेनपाशी डोंगराला जवळजवळ उलटा वळसा घालते. त्या भागात सायकलवाल्यांना पलीकडे नेणाऱ्या लहान होड्या आहेत. सायकल होडीत ठेवायची, पलीकडे उतरायचं आणि पुढे निघायचं. प्रवासात अशी सक्तीची विश्रांती मला फार आवडते.

वारा मात्र बघावा लागतो. खोऱ्यातून वारा नदीसारखाच वाहतो, आणि सपाटीवर तोच खरा चढ. फ्रान्समधली ल्वार नदीकाठची वाट सुमारे ९०० किलोमीटरची आहे. तिथे पश्चिमेचा वारा जास्त असतो, म्हणून अनेक जाणते लोक समुद्रापासून सुरुवात करून प्रवाहाच्या उलट दिशेने जातात. नकाशावर चढ, प्रत्यक्षात वारा पाठीशी.

या वाटा मुळात सायकलींसाठी झालेल्या नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डॅन्यूबच्या काठाने घोडे चालायचे, दोरांनी नावा प्रवाहाविरुद्ध ओढत. वाफेच्या बोटी आल्या, घोड्यांचं काम संपलं, वाट उरली. कालव्यांचीही हीच गोष्ट. आणि अशी उरलेली वाट वाचवावी लागते, आपोआप वाचत नाही.

याचं माझं लाडकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनहून कंबरलँडपर्यंत चेसापीक अँड ओहायो कालवा खणला गेला. १८२८ मध्ये काम सुरू झालं, १८५० मध्ये तो कंबरलँडला पोचला. खेचरं नावा ओढायची. १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद पडला आणि काठाची वाट झाडीत बुडाली. पुढे तिथून मोटारींसाठी रस्ता काढायचा बेत ठरला आणि वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून सरळ आमंत्रण दिलं, की माझ्यासोबत ही वाट पायी चाला आणि मग ठरवा. मार्च १९५४ मध्ये ते निघाले. जवळपास ३०० किलोमीटर, आठ दिवस. पत्रकारही बरोबर होते. शेवटपर्यंत पूर्ण चालणारे फक्त ९ जण होते, पण वृत्तपत्राची भूमिका बदलली, रस्ता झाला नाही, आणि १९७१ मध्ये तो सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान झाला. आज तिथे खेचरांच्या वाटेवरून सायकली जातात. वाटेत पॉ पॉ नावाचा साडेनऊशे मीटरचा विटांचा बोगदा आहे. आत दिवे नाहीत, वाट अरुंद, एका बाजूला कठडा आणि खाली कालव्याचं काळं पाणी. तिथे उतरून, बॅटरी लावून, सायकल हातात धरून चालायचं.

एका न्यायमूर्तीने वाद घालण्याआधी समोरच्याला त्या जागी चालवत नेलं, हे मला फार मोलाचं वाटतं. नदीकाठच्या रस्त्यांचे आराखडे जिथे कुठे ठरतात, तिथल्या मंडळींना आधी काठाने सायकलवरून फिरवून आणावं.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचंही असंच. आगगाडीला तीव्र चढ जमत नाही, त्यामुळे रूळ उखडल्यावर जी वाट उरते ती दम न लावता डोंगर चढवते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही २१ किलोमीटरची वाट १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांनी टप्प्याटप्प्याने बांधली. न्यूझीलंडमधली ओटागोची १५२ किलोमीटरची वाट २००० साली खुली झाली आणि रेल्वे गेल्यावर ओस पडत चाललेल्या लहान गावांत पुन्हा मुक्कामाला माणसं येऊ लागली.

पण नदी नाही, कालवा नाही, जुना रेल्वेमार्गही नाही, तर? मग आडवाटा तरी असतातच. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याने यावर साधी युक्ती काढली. शांत वाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक नाक्याला एक आकडा द्यायचा आणि पाटीवर पुढच्या नाक्यांचे आकडे व दिशा दाखवायच्या. १९९५ मध्ये हे जाळं सुरू झालं, नंतर नेदरलँड्समध्येही पसरलं. घरून निघताना कागदाच्या चिठ्ठीवर आठ-दहा आकडे लिहायचे, हँडलला चिकटवायचे, की झाला दिवसाचा बेत. फोन खिशात. कंटाळा आला तर पुढच्या नाक्यावरून घराकडे वळायचं. नव्या वाटा फार बांधाव्या लागल्या नाहीत, होत्या त्याच एकमेकींना जोडल्या. त्याच प्रांतात बोक्रैकला २०१६ पासून एक वाट चक्क तळ्यातून जाते. २१२ मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि पाणी साधारण नजरेच्या उंचीला. शेजारून हंस जातो तो आपल्या डोळ्यांना डोळा भिडवून. आणि ते तीन मीटर महत्त्वाचे आहेत. दोघं शेजारी शेजारी, समोरून तिसरा आला तरी कुणाला उतरावं लागत नाही.

आता ज्यावर माझा जीव जळतो ते. नदीकाठची वाट नदीच्या जिवावर होऊ नये. दक्षिण कोरियात इंचॉनपासून बुसानपर्यंत ६३३ किलोमीटरची वाट २०१२ मध्ये खुली झाली. वाट उत्तमच आहे. लाल रंगाच्या टेलिफोन खोक्यांसारख्या खोल्यांमध्ये थांबून वहीत शिक्के मारायचे, मुलांना त्याचं फार अप्रूप वाटतं. पण ती आली चार मोठ्या नद्यांच्या प्रकल्पाबरोबर, ज्यात १६ बंधारे बांधले गेले, आणि त्या बंधाऱ्यांनी नद्यांचं काय केलं यावर तिथे अजून वाद चालू आहे. काठ सिमेंटने बांधून, झाडं तोडून, रात्रभर दिवे लावून केलेल्या वाटेवर मला मोटार भेटणार नाही हे खरं, पण खंड्याही भेटणार नाही. राखी बगळा सायकलला फारसा बुजत नाही हे तुम्ही पाहिलं असेल. आपण एका लयीत पुढे जात राहिलो तर तो मान वळवून फक्त बघतो. फोटोसाठी ब्रेक दाबला की उडतो. त्याला उभं राहायला उथळ पाणी आणि गवताचा काठ लागतो, तो काठ ठेवून वाट दोन हात मागे घ्यावी.

वाटेवर बारीक खडी दाबून बसवली तर मला ती डांबरापेक्षा आवडते. पाणी मुरतं आणि वेगही आपोआप आवरतो. व्हीलचेअरवाल्यांना आणि लहान चाकांच्या सायकलींना मात्र गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, तेव्हा गावाजवळच्या टप्प्यात डांबर हवंच. वेगाने जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की मान खाली घालून ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने आजोबा-नातवाच्या बाजूने सुसाट जाऊ नका. घंटी लांबून वाजवा, मग हळू व्हा. मोटारींनी आपल्याशी जे केलं तेच आपण इथे करायचं नाही.

या आठवड्यात कुणाला घेऊन निघणार असाल तर ज्याचा वेग कमी आहे त्याला पुढे ठेवा, वाट रुंद झाली की शेजारी या. टायर रुंद असतील तर हवा थोडी कमी ठेवा, खडीवर हाताला दणके बसत नाहीत. आणि जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे येताना पाय दमलेले असतील तेव्हा तो पाठीशी असेल.