युरियाविना चालणारं इंजिन कुणी मारलं?

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेतल्या नॅव्हिस्टार कंपनीने युरियाशिवाय चालणारं स्वच्छ डिझेल इंजिन बनवलं होतं. ते टिकलं असतं तर डेफचा, म्हणजे धूर साफ करायला डिझेल गाडीच्या वेगळ्या टाकीत भरायच्या युरियाच्या द्रावणाचा, धंदाच बसला असता. म्हणून सरकार, युरिया लॉबी आणि प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या, त्यांनी कोर्टकचेऱ्या करून कंपनीला बुडवलं. महिंद्रासोबत ते इंजिन चाकणला आलं होतं, तेही दाबून टाकलं. आणि आता आपण सगळे डेफच्या बादल्या विकत घेत बसलोय.

यातली कंपनी खरी आहे, कोर्ट खरं आहे, चाकणही खरं आहे. पण कोण कुणाच्या बाजूने उभं होतं हे नेमकं उलटं सांगितलंय.

"युरियाशिवाय स्वच्छ इंजिन बनवलं होतं"

युरियाशिवाय बनवलं, हे बरोबर. स्वच्छ किती, ते आकड्यांत बघावं लागेल.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2001 मध्येच नियम करून ठेवला होता: 2010 सालापासून मोठ्या ट्रकच्या इंजिनातून दर अश्वशक्ती-तासाला 0.20 ग्रॅमपेक्षा जास्त नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, बाहेर पडता कामा नयेत. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर किलोवॉट-तासाला साधारण 0.27 ग्रॅम. तयारीला नऊ वर्षं होती.

तिथे पोहोचायचे दोन रस्ते होते. पहिला एससीआरचा. इंजिन आपल्या गतीने तापू द्यायचं, नॉक्स होऊ द्यायचा आणि मग सायलेन्सरकडे जाताना युरियाच्या द्रावणातून मिळणाऱ्या अमोनियाने त्याचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करायचं. कमिन्स, डेट्रॉईट, व्होल्वो, मॅक, सगळे याच रस्त्याने गेले. कमिन्सने तर आधी मोठी इंजिनं युरियाशिवाय काढायचं ठरवलं होतं, पण 2008 मध्ये विचार बदलला. त्याच वर्षी कॅटरपिलरने हायवे ट्रकची इंजिनं बनवणंच सोडत असल्याचं जाहीर केलं. इतकी ती मर्यादा जड होती.

दुसरा रस्ता ईजीआरचा. बाहेर निघालेल्या धुराचा काही भाग अडवायचा, कूलरमधून थंड करायचा आणि पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवायचा. त्या वायूत ऑक्सिजन कमी, त्यामुळे जळण्याचं तापमान खाली येतं आणि नॉक्स मुळातच कमी तयार होतो. पण आच मंद केली की काजळी वाढते, हे चुलीपुढे बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. काजळी वाढली की फिल्टर लवकर भरतो, तो जाळून साफ करायला जास्त डिझेल लागतं. शिवाय धुरातली उष्णता ईजीआर कूलरमार्गे रेडिएटरच्या पाण्यात येते, म्हणजे कूलर, होज, रेडिएटर सगळ्यांवर ताण.

नॅव्हिस्टारचे प्रमुख डॅन उस्टियन यांनी या दुसऱ्या रस्त्यावर सगळं लावलं. त्यांचा मुद्दा ऐकायला चोख होता: प्रदूषण रोखणं ही कंपनीची जबाबदारी, ती ड्रायव्हरच्या गळ्यात युरियाची टाकी बांधून त्याच्यावर का ढकलायची? हे बोलणं कुठल्याही गाडीमालकाला पटावं असंच आहे.

आणि तो जुगार अगदीच वेडा नव्हता, हेही सांगायला हवं. युरोपात स्कॅनियाने युरिया न वापरता युरो-5 हे तिथलं प्रदूषणाचं मानक गाठलं होतं. आपल्याकडे 2017 मध्ये बीएस-4 हे मानक देशभर लागू झालं, तेव्हा अशोक लेलँडने आयईजीआर नावाचं ईजीआरचंच तंत्र आणलं आणि त्या गाड्या युरियाविना चालल्या. पण बीएस-4 ची नॉक्सची मर्यादा होती किलोवॉट-तासाला 3.5 ग्रॅम. युरो-5 ची 2.0. अमेरिकेची 0.27. पोहता येतं म्हणून कोणी विहिरीतही उतरतो आणि पुरात भरलेल्या कृष्णेतही उतरतो, तेव्हा पोहणं तेच असतं, पाणी तेच नसतं.

नॅव्हिस्टारची मोठी मॅक्सफोर्स इंजिनं प्रमाणपत्रावर 0.5 ग्रॅमपर्यंत आली. नुसत्या ईजीआरवर हे करणं ही इंजिनिअरिंगची कमाल म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही. पण 0.5 म्हणजे मर्यादेच्या अडीच पट. मजकुरातलं 'स्वच्छ इंजिन' ते हेच.

"सरकारने कंपनीला बुडवलं"

मर्यादेच्या अडीच पट नॉक्स सोडणारं इंजिन 2010 नंतर विकलं कसं गेलं? तर सरकारच्याच नियमातल्या सोयीमुळे. आधीच्या वर्षांत ज्यांनी मर्यादेपेक्षा स्वच्छ इंजिनं विकली, त्यांच्या नावावर 'क्रेडिट' जमा होतात आणि पुढे कमी पडलं तर त्यातून भरपाई करता येते. नॅव्हिस्टारच्या कणगीत असा साठा होता. पण प्रत्येक विकलेल्या ट्रकमागे त्यातलं धान्य कमी होत होतं, आणि कणगीचा तळ दिसण्याआधी 0.20 चं इंजिन तयार व्हायला हवं होतं. ते झालं नाही.

मग जानेवारी 2012 मध्ये ईपीएने काय केलं? दंड भरून विकायची वाट काढून दिली. मोठ्या इंजिनामागे जास्तीत जास्त 1,919 डॉलर भरा आणि मर्यादेबाहेरचं इंजिन विका. हा नियम घाईने, लोकांच्या हरकती न मागवता, अंतरिम म्हणून लागू केला. आणि त्याची गरज असलेली कंपनी एकच होती.

बुडवायचं असतं तर ईपीएने काहीच करायची गरज नव्हती. क्रेडिट संपली असती, विक्री आपोआप थांबली असती. 'सरकार मागे लागलं' असं ज्या संस्थेबद्दल सांगितलं जातं, ती प्रत्यक्षात दोर घेऊन काठावर उभी होती.

"प्रतिस्पर्ध्यांनी कोर्टात खेचलं"

हे खरं. मॅक, व्होल्वो, डेमलर कोर्टात गेले. पण खटला नॅव्हिस्टारवर नव्हता, ईपीएवर होता, आणि तक्रार होती ती ईपीएने नॅव्हिस्टारला सूट दिल्याची. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही नियम पाळायला पैसा घातलात, गाडीची किंमत वाढवलीत, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यात. शेजारच्याने यातलं काहीच केलं नाही, आणि साहेबांनी त्याला किरकोळ पावती फाडून सोडून दिलं.

वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने 12 जून 2012 रोजी तो अंतरिम नियम रद्द केला. हरकती न मागवण्याइतकी तातडी कुठलीच नव्हती, आणि या नियमाचा उपयोग एका एकट्या कंपनीला तिच्याच चुकीच्या निवडीतून सोडवण्यापुरता आहे, हे अर्जदारांचं म्हणणं कोर्टाने उचलून धरलं. त्यानंतरही ईपीए थांबली नाही. त्याच वर्षी रीतसर प्रक्रिया करून नवा नियम आणला, त्यात मोठ्या इंजिनाचा दंड कमाल 3,775 डॉलर झाला. पुढे 2013 मध्ये कोर्टाने तोही रद्द केला.

सरकारच्या कामात इथे दोष काढायचा असेल तर तो सवलतीचा काढावा लागेल, छळाचा नाही.

एका गोष्टीत मात्र नॅव्हिस्टारचं म्हणणं खोटं नव्हतं. एससीआरच्या ट्रकमध्ये युरियाची टाकी रिकामी ठेवली किंवा नुसतं पाणी भरलं तरी गाडी बऱ्यापैकी चालते, असं तिने चाचण्या करून दाखवलं आणि ईपीएवर खटलाही भरला. तो 2010 मध्ये तडजोडीने मिटला, आणि युरिया संपल्यावर गाडीची ताकद उतरवण्याच्या नियमांचा ईपीएने फेरविचार केला. म्हणजे युरिया संपला की गाडी ढकलगाडी होते म्हणून आपले ड्रायव्हर कावतात, त्या कडकपणाला अमेरिकेत नॅव्हिस्टारच्या तक्रारीचाही हातभार होता. ही गंमत त्या मजकुरात कधी येत नाही.

"युरिया म्हणजे फुकटचा खर्च"

खर्च आहेच. पण हिशोब डेफच्या बादलीपाशी थांबवून चालत नाही. एससीआरमुळे इंजिन गरम आणि मोकळं चालवता येतं, त्यातून डिझेल वाचतं. अमेरिकेत तेव्हाच्या ट्रकना युरिया लागायचा डिझेलच्या दोन-तीन टक्के. युरियाची टाकी नसलेल्या ट्रकच्या मालकाने काय वाचवलं आणि काय भरलं, ते नंतर कोर्टात आलं. 11 आणि 13 लिटर मॅक्सफोर्स इंजिनांच्या मालकांनी सामूहिक दावे लावले, तक्रार ईजीआरवर आधारलेल्या प्रणालीच्या बिघाडांची होती. 2019 मध्ये 13.5 कोटी डॉलरला समझोता झाला. कंपनीने दोष मान्य केला नाही.

कंपनीचं स्वतःचं काय झालं? 2012 च्या आर्थिक वर्षात सुमारे 300 कोटी डॉलरचा निव्वळ तोटा. त्यातले जवळजवळ 200 कोटी करविषयक हिशोबी तरतुदीचे होते हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, सगळा तोटा इंजिनाच्या माथी मारता येणार नाही. पण वॉरंटीचा खर्चही फुगत होता आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळत होतं. उस्टियन ऑगस्ट 2012 मध्ये पायउतार झाले. इंजिनाच्या प्रमाणपत्राबाबत गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून कंपनीने 2016 मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाला 75 लाख डॉलर भरले, आरोप मान्य किंवा अमान्य न करता.

(जाता जाता: डेफ महाग वाटतं म्हणून शेतातल्या गोणीचा नीम-लेपित युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतू नका. डेफमध्ये 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. गोणीतल्या युरियाने एससीआरमधल्या कॅटॅलिस्टची, म्हणजे नॉक्सचं रूपांतर घडवणाऱ्या भागाची, वाट लागते, आणि त्याची किंमत ऐकून बादली स्वस्त वाटू लागेल.)

"चाकणला आलेलं तंत्रज्ञान दाबलं"

महिंद्रा आणि नॅव्हिस्टारची ट्रकमधली भागीदारी 2005 मधली, 51 आणि 49 टक्क्यांची. चाकणच्या कारखान्यात 7.2 लिटरचं मॅक्सफोर्स इंजिन बनायचं. पण नाव तेच म्हणून गोष्ट तीच होत नाही. तेव्हा आपल्याकडच्या जड ट्रकना अमेरिकेची 2010 ची मर्यादा लागूच नव्हती, त्यामुळे दाबण्यासारखं गुपित चाकणला आलंच नव्हतं. डिसेंबर 2012 मध्ये महिंद्राने नॅव्हिस्टारचा हिस्सा सुमारे 175 कोटी रुपयांना घ्यायचं जाहीर केलं. घरचं छप्पर गळत असलेली कंपनी परगावची जमीन विकते, तसा तो व्यवहार होता.

आणि ईजीआर मेलंय असंही नाही. बीएस-6 च्या कितीतरी गाड्यांत ईजीआर आणि एससीआर दोन्ही एकत्र आहेत: थोडा नॉक्स सिलिंडरमध्येच कमी करायचा, उरलेला युरियाने. भांडण दोन तंत्रांमध्ये नव्हतंच, एकट्या ईजीआरने 0.20 गाठण्याच्या हट्टाशी होतं.

तो हट्ट कंपनीने स्वतःच सोडला. जुलै 2012 मध्ये, म्हणजे कोर्टाच्या पहिल्या निकालानंतर महिन्याभरात, युरिया वापरणार असल्याचं तिने जाहीर केलं. एससीआरची यंत्रणा मागितली ती कमिन्सकडे, इतकी वर्षं जिच्या टाकीची टिंगल केली तिच्याचकडे. 2013 च्या वसंतात तेच 13 लिटरचं मॅक्सफोर्स, मागे कमिन्सची यंत्रणा जोडून, 0.20 च्या प्रमाणपत्रासह बाजारात आलं. त्या ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी होती.